शुक्रवारचा फवारा

शुक्रवार सोडून इतर कुठल्याही दिवशी आमच्या घरमालकांच्या हातात रंगाचा डबा दिसला, की खुशाल समजावं, भिवंडीत लाईट गेलीय. आख्खी गल्ली घामाघूम होऊन वीजवाल्यांच्या नावानं खडे फोडत असायची आणि हे गृहस्थ गळ्यात हवा गाळणाऱ्या दोन डब्यांचा मास्क अडकवून लगीनघाईनं बाहेर पडायचे. "चला चला, लूम बंद झाले! रुई खाली बसली की पहिला हात मारून घेऊ. फवाऱ्याच्या डब्याला कुठं लाईट लागते?" वीज गेल्यावर खूश होणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांची चार खोल्यांची बैठी चाळ होती. एका खोलीत काका-काकू, उरलेल्या तिन्हींत आम्ही भाडेकरू, आणि चाळीच्या पाठीला पाठ लावून यंत्रमागाचा कारखाना. लूम चालू असले की सुताची बारीक लव हवेत तरंगत राहायची. ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण ओल्या रंगाला बरोबर सापडते. म्हणून लूमच्या सुट्टीचा शुक्रवार हा काकांचा रंगाचा वार. "जगात रंग कधीपण लागतो," ते म्हणायचे, "भिवंडीत शुक्रवारीच लागतो." कुणी बुधवारी खुर्ची रंगवायला घेतली तर ते त्याच्याकडे ज्या नजरेनं बघायचे, त्या नजरेनं लोक सुतकात लग्न काढणाऱ्याकडे बघतात.

सगळा जन्म त्यांनी लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात रंगखात्यात काढला होता. निवृत्त होताना माणसं घड्याळ घेऊन येतात, हे सवय घेऊन आले. पण त्यांना कुणी पेंटर म्हटलेलं खपायचं नाही. "पेंटर ब्रशवाला. ब्रशवाल्याची चूक ब्रश लपवतो. आपण फवारेवाले. आपली चूक उन्हात चमकते." गल्लीनं त्यांचं नाव मग फवारेकाका ठेवलं, आणि ते नाव त्यांना पदवी मिळाल्यासारखं आवडायचं.

मी खोली बघायला गेलो तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. मानकोलीच्या एका गोदामात नवी नोकरी लागली होती आणि दोन ठिकाणी खोली हुकली होती. त्यामुळं गाव कुठलं, जात कुठली, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून गेलो होतो. काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या हातात स्प्रेचा एक डबा दिला आणि म्हणाले, "हलवा."

मी पाचसहा वेळा हलवला.

"झालं?"

"झालं."

"आतली गोळी वाजली?"

गोळी असते हेच मला ठाऊक नव्हतं. पुन्हा हलवला, तेव्हा आत खडखड वाजायला लागली. "आता घड्याळ बघा," काका म्हणाले. "गोळी वाजल्यापासून पुढं दोन मिनिटं. रंग तळाला बसलेला असतो. तो नीट उठला नाही तर वर नुसतं पाणी येतं."

दोन मिनिटं किती मोठी असतात ते एका अनोळखी माणसाच्या ओट्यावर अंगात आल्यासारखा डबा हलवत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. काकू बाहेर आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि "चहा टाकते," म्हणून आत गेल्या. तेव्हा मला वाटलं खोली मिळाली. मिळालीच. "तुमच्या आधीच्यानं अर्ध्या मिनिटात डबा खाली ठेवला," काकांनी खुलासा केला. "म्हटलं, ज्याला दोन मिनिटं निघत नाहीत, तो रात्री नळ काय बंद करणार?"

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य दिवसातून चारदा यायचं: एक जाड हात म्हणजे ओघळ, तीन पातळ हात म्हणजे रंग. हे वाक्य ते कशालाही लावायचे. आमच्या नवराबायकोचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. भिंत पातळ असल्यानं सगळं पलीकडं ऐकू जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नळावर गाठून म्हणाले, "एकदम सगळं बोलून मोकळं व्हायचं नाही रे. पातळ बोलायचं. दहा मिनिटं सुकू द्यायचं. मग परत पातळ." मी तो सल्ला घरी अंमलात आणून पाहिला. बायको म्हणाली, दहा मिनिटांनी तुम्ही परत येता हेच मुळात चुकतंय.

रंगवण्याआधी त्यांचा विधी असायचा. आधी एक उदबत्ती पेटवून धूर कुठं जातो ते बघायचे. वारा आपल्या तोंडावर असेल तर वस्तू फिरवायची, जोराचा असेल तर त्या दिवशी काम रद्द. गल्लीत नवीन आलेल्यांना वाटायचं, म्हातारा कपाटाची पूजा करतोय. मग ती उदबत्ती पाण्यात बुडवून, पार गल्लीच्या तोंडाशी टाकून यायचे, आणि परत येताना प्रत्येक खोलीत डोकावून ओरडायचे, "गॅस बंद! स्टोव्ह बंद! विडी बंद!" फवाऱ्याची वाफ पेट घेते, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की चाळीतली पोरं ते पाढ्यासारखं म्हणायची. शेजारच्या खोलीतल्या खालांना हा जाच वाटायचा.

"भाईसाब, मेरी रोटी तवे पे है!"

"रोटी दुबारा बनेगी, खाला. चाळ दुबारा नहीं बनेगी."

खाला पुटपुटत बटण फिरवायच्या. पण फिरवायच्या.

उन्हाळा आला की चाळीतल्या सगळ्या पंख्यांची पाती उतरायची. काका ती धुऊन, पुसून, पॉलिश पेपरनं घासून, मधल्या भागाला टेप लावून, गल्लीत आडव्या बांधलेल्या दोरीवर ओळीनं टांगायचे. लांबून बघणाऱ्याला बोंबील वाळत घातलेत असंच वाटायचं. मग डबा घेऊन त्या ओळीपुढून ते चालत जायचे. अंतर एक वीत आणि चार बोटं, कमी नाही, जास्त नाही. मनगट वळवायचं नाही, आख्खा हात सरळ न्यायचा. बटण वस्तूच्या अलीकडे दाबायचं आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. काम झालं की डबा उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत फवारायचे, म्हणजे तोंड चोंदत नाही. याला ते डब्याचं शीर्षासन म्हणत. आणि शेवटी सगळे डबे घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माठाच्या शेजारी. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात डबा ठेवणाऱ्याला त्यांच्या लेखी क्षमा नव्हती.

काकूंनी दाराच्या आतल्या बाजूला खडूनं एक यादी लिहिली होती. शिलाई मशीन, पितळी डबा, माझ्या चपला, आईचा फोटो, अशी. या वस्तूंना हात लावायचा नाही. यादीच्या शेवटी मोठ्या अक्षरात 'आणि मी' असं होतं. काकांनी ती यादी मानली, पण त्यांची स्वतःचीही एक होती. जिथं अन्न लागतं तिथं फवारा नाही. जिथं विस्तव तिथं नाही. शेगडी नाही, रेग्युलेटर नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी विहाराची सगळी जाळी ते एकट्यानं रंगवायचे. तिथंसुद्धा मेणबत्त्यांच्या आसपासचं काम त्या विझवून बाहेर नेल्याशिवाय सुरू व्हायचं नाही.

हे सगळं मी मजेनं सांगतो आहे, कारण तेव्हा मला ती मजाच वाटायची. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी खूळ हवं असतं, त्यातलं एक. गोदामात मी मित्रांना काकांची नक्कल करून दाखवायचो. मास्कमधून बोलताना त्यांचा आवाज रेडिओ पाण्यात पडल्यासारखा यायचा, तो मला बरोबर जमायचा.

मग आमच्याकडे बाळ झालं.

बायकोची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं माहेरी बाळंतपण करणारं कुणी नव्हतं. मुलगी भिवंडीतच झाली, रविवारी. सोमवारी माझी आई वाड्याकडच्या आमच्या गावाहून टेम्पोत बसून आली. टेम्पोत आई, तांदळाचं पोतं, सुकट आणि लोखंडी पाळणा. माझ्या जन्माच्या वेळी वडिलांनी बाजारातून खांद्यावर वाहून आणलेला. नंतर त्यात माझी बहीण झोपली, मग चुलतभाऊ. दर खेपेला कुणीतरी वरून तैलरंगाचा एक हात मारलेला. आता त्याचे पोपडे सुटले होते आणि खाली गंज दिसत होता.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले. नातवंड बघायचं त्यांचं राहूनच गेलं. आईनं पाळणा ओट्यावर ठेवला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "बाराव्या दिशी माजी नात यात घालायची. तुजा बाप असता तं त्यानंच घातली असती. त्यो न्हाय, त्याचा पालना तरी हाय." तिला दुसरं काहीही नको होतं. बाळंतिणीची खोली लहान, पंखा आवाज करणारा, पाहुण्यांना बसायला जागा नाही, कशाचीही तिची तक्रार नव्हती. बाराव्या दिवशी, गुरुवारी, पोर त्या पाळण्यात हवं.

काका पाळण्याभोवती दोनदा फिरले. नखानं एक पोपडा उचकटून बघितला.

"शुक्रवारी रंगवू. त्याआधी हे जुनं सगळं काढावं लागेल. पण ताई, गुरुवारी पोर नाही घालायचं हां यात."

"का?"

"हाताला सुकणं वेगळं आणि आतून सुकणं वेगळं. पंधरा दिवस तरी उघड्या हवेत राहू दे. वास पुरता गेल्याशिवाय एवढासा जीव त्यात नाही झोपवायचा."

"पंधरा दिस?" आईचा आवाज चढला. "भाऊ, बाराव्या दिशी पालन्यात न्हाय घातली तं बारसा कसला?"

दोघं मधल्या पाळण्याकडे बघत राहिले आणि मी दोघांकडे.

त्या रात्री मी एक हिशेब केला, जो मला फार हुशारीचा वाटला. शुक्रवारी रंगवला तर गुरुवारपर्यंत सहाच दिवस मिळतात. मंगळवारी रंगवला तर नऊ. म्हणजे आईचंही राहील आणि काकांचंही बरंचसं राहील. बायको आणि बाळ बुधवारपर्यंत दवाखान्यात होते. मंगळवारी काका-काकू शेलारला काकांच्या बहिणीकडे गेले होते. मी रजेवर होतो. नाक्यावर गेलो, दिसला तो पिवळा डबा आणला, चाळीमागच्या बोळात पाळणा टांगला आणि घाईनं एकच जाड हात मारला. घासणं नाही, पुसणं नाही, मास्क नाही. भिंतीपलीकडे पन्नास लूम खडखडत होते.

पहिल्यांदा डोकं हलकं झालं. मग खालांची किंचाळी ऐकू आली. बोळाकडच्या खिडकीत त्यांची शेगडी पेटलेली होती. "अरे मेरा चूल्हा चालू है, बेवकूफ! तुझे काका ने कुछ सिखाया नहीं?" त्यांनी धावत जाऊन बटण फिरवलं. मी ओट्यावर येऊन बसलो.

तासाभरानं जाऊन बघतो तर पाळण्याला लोकर आली होती. पिवळा रंग, खाली ओघळलेला, आणि त्यावर सगळीकडे पांढरी मऊ लव. उलटं टांगलेलं बदकाचं पिल्लूच. आईनं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. ती रडतेय असं मला वाटलं, पण ती हसत होती, आणि मग खरंच रडायला लागली.

संध्याकाळी काका आले. आता हे खोली खाली करायला सांगणार, असं मी धरूनच चाललो होतो. ते बोळात गेले, पाळणा पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"गॅस?"

"खालांनी बंद केला."

"तुला चक्कर आली?"

"थोडी."

"पोर?"

"दवाखान्यात आहे. उद्या येणार."

तेव्हा कुठं ते ओट्यावर टेकले. मग मला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात पातळ हात एकही नव्हता. शेवटी म्हणाले, "उद्या-परवा दोन दिवस घासायचं. तूच घासायचं. बाप कोण आहे, तू का मी?"

दोन दिवस मी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत बसून पाळणा घासला. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, ओलाच. जुन्या तैलरंगात शिसं असायचं, त्याची धूळ उडाली आणि पोराच्या पोटात गेली तर जन्माचं नुकसान, असं काकांनी सांगितलं होतं. खाली प्लास्टिक, तोंडावर मास्क, निघालेला सगळा चिखल कागदात गुंडाळून वेगळा. घरात जाण्याआधी कपडे बाहेर काढायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच मुलीला घ्यायचं. आई दारातून बघायची. "पोरीला आंगोल कमी आन पालन्याला जास्त," ती मला ऐकू जाईल अशा बेतानं सुनेला म्हणायची. पण दुसऱ्या दिवशी मी हात न धुताच आत येत होतो, तर तिनंच मला उंबऱ्यावर अडवलं.

रंगाचा डबा आणायला काका मला घेऊन नाक्यावर गेले. तीन दुकानं फिरलो. प्रत्येक ठिकाणी ते खिशातून भिंग काढून डब्यावरचं बारीक अक्षर वाचायचे आणि विचारायचे, "लहान पोराच्या खेळण्याला चालतो असं लिहिलंय का?" तिसऱ्या दुकानदारानं हात जोडले. "चाचा, बीस साल में किसीने पूछा नहीं."

"तो बीस साल में किसीने पढ़ा नहीं," काका म्हणाले, आणि त्याच्याच फळीच्या मागून तसं लिहिलेला एक डबा शोधून काढला. रंग आईनं निवडला. पोपटी.

शुक्रवारी सकाळी लूम गप्प होते. उदबत्ती झाली, गॅस बंद झाले, खालांनी तर हाक यायच्या आधीच बटण फिरवलं. आधी प्रायमर, तो सुकल्यावर रंगाचे तीन हात. प्रत्येक हात मी मारला. काका मागं उभे राहून माझं कोपर धरत होते. "मनगट नको. हात ने. अजून ने. आता सोड." जिथं पोर उद्या उभं राहून तोंड लावेल, त्या वरच्या दांडीवर आम्ही नंतर सुती कापडाची पट्टी गुंडाळायची ठरवली. दुपारी पाळणा गल्लीच्या टोकाला सावलीत टांगला तेव्हा तो नवरदेवासारखा दिसत होता. आई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली आणि तिनं काकांना चहा नेऊन दिला.

पुढं रोज सकाळी काकांचा एकच उद्योग. जो भेटेल त्याला धरून पाळण्याजवळ न्यायचं आणि विचारायचं, "वास येतो का बघ." दूधवाल्याला विचारलं, खालांना विचारलं, मला तर रोज विचारलं. मी कधी येतो म्हणायचो, कधी नाही. खरं सांगायचं तर बुधवारपर्यंत मी लक्षच देणं सोडलं होतं. रंग हाताला चिकटत नव्हता, चमकत होता. आईनं झेंडूच्या माळा आणल्या. गुरुवारी पाळणा खोलीत आला, छताच्या कडीला टांगला गेला, माळांनी सजला. माझी बहीण आली, गावाहून चुलत्या आल्या, घुगऱ्या शिजल्या. काकांचं आता कोण ऐकणार, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. त्यात मीही होतो.

बाया पाळण्याभोवती जमल्या. बहिणीनं बाळाला हातात घेतलं. तेवढ्यात काका दारात आले. पांढरा इस्त्रीचा सदरा, मागं काकू. आई ताठ झाली. ती भांडायच्या तयारीत होती, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

"ताई," काका म्हणाले, "मी नको म्हणायला आलो नाही. एकदा तुम्ही वास घ्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

"तुमीच घ्या की. तुमचं काम हाय त्ये."

काकांनी मान खाली घातली. एवढ्या बायकांसमोर बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"मला येत नाही, ताई. माझं नाक कारखान्यात गेलं. मास्क असायचे, पण उकडायचं म्हणून कपाटात ठेवायचो. आम्ही सगळेच ठेवायचो. हळूहळू गेलं. आता मोगरा आणि फिनेल मला सारखंच. काहीच नाही." मग एक पाऊल पुढं येऊन म्हणाले, "म्हणून विचारतो. खोटं सांगितलंत तरी मला कळणार नाही."

गळ्यातला मास्क, उदबत्ती, दूधवाल्याला धरून विचारणं, सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं, आणि गोदामात केलेल्या नकलांची इतकी लाज वाटली की मी आईकडेसुद्धा बघू शकलो नाही.

आई पाळण्याजवळ गेली. एका हातानं माळ बाजूला केली, वाकली आणि दांडीला नाक लावलं. एकदा. मग दुसऱ्या बाजूनं एकदा. ती उभी राहिली, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की आता ती वडिलांचा विचार करतेय. नुसतं 'नाही येत' एवढंच म्हणायचं होतं. सगळे तयार होते, आणि ज्याला अडवायचं होतं त्याला कळणार नव्हतं.

"येतो," आई म्हणाली. "बारीक हाय. पन हाय."

आणि लगेच, आपलाच विचार बदलेल या धाकानं जणू, बहिणीवर खेकसली, "बघतेस काय? माज्या पेटीतलं लुगडं काड. झोली बांदायची." पाळणा काढला, त्याच कडीला लुगड्याची झोळी बांधली. एका बाजूची गाठ आईनं मारली, दुसऱ्या बाजूची काकांनी. बायांनी बाळाला झोळीखालून वरून फिरवलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात नाव सांगितलं. घुगऱ्या वाटल्या. आईनं पहिला द्रोण काकांच्या हातात दिला. मला माझ्या आईचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

बारसं झालं की आई गावी परतणार होती. ती गेली नाही. "भाताची कामं हाईत" असं रोज म्हणायची आणि रोज राहायची. सकाळी उठून तोंड धुतलं की ओट्यावर टांगलेल्या पाळण्याजवळ जायची. काका आधीच तिथं उभे असायचे. आई वास घ्यायची, "येतो," म्हणायची, आणि दोघं चहा प्यायचे. वास बघायच्या कामातून काकूंना आता विश्रांती मिळाली होती. खाला खिडकीतून विचारायच्या, "आज क्या बोली दादी की नाक?"

रंग लावल्याला सतरा दिवस झाले त्या सकाळी आई दांडीवर जरा जास्त वेळ वाकली. चारही बाजूंनी फिरली. आतल्या तळाशी डोकं घातलं.

"न्हाय," ती म्हणाली.

"नीट बघा, ताई."

"नातीची आन घेऊन सांगते भाऊ. न्हाय येत."

तिनंच आत जाऊन मुलीला आणलं. मला वाटलं आता ती स्वतः घालेल. इतके दिवस त्यासाठीच तर थांबली होती. पण पाळण्यापाशी येऊन तिनं बाळ काकांपुढं धरलं.

"तुमी घाला. माजा मानूस न्हाय, तं घरमालकानं घालायची."

काकांनी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, लेंग्याला पुसले, परत धुतले. मग मुलीला घेतलं. पाळण्यात ठेवायला वाकले ते तसेच वाकून राहिले. तिच्या टाळूला नाक टेकवून त्यांनी लांब श्वास घेतला. मी आणि बायकोनं दुसरीकडे पाहिलं. काकू मात्र बघत राहिल्या.

ते सरळ झाले आणि आईला हळूच विचारलं, "कसा येतो हिचा?"

"दुदाचा," आई म्हणाली. "कोमट दुदाचा."

"बाकी?"

"बाकी कायबी न्हाय."